घरातला जीर्णोद्धार

नवरात्रापूर्वीच्या साफसफाईत घराघरांतून काय बाहेर पडते, हे ज्याला पाहायचे असेल त्याने पहाटे उठून वस्तीच्या कोपऱ्यावरच्या पिंपळापाशी जावे. पाराच्या कडेला काच तडकलेल्या तसबिरी असतात, पाय मोडलेला चौरंग असतो, आणि पुष्कळदा एखादा लाकडी देव्हाराही असतो. त्याच्या कळसाची एक बाजू निखळलेली असते, दाराची बिजागरी गंजलेली असते आणि आतल्या फळीवर हळदकुंकवाचे डाग तसेच असतात. कचऱ्याच्या गाडीत टाकण्याचे धैर्य होत नाही आणि घरात ठेवण्याची इच्छा उरत नाही, अशा वेळी माणूस पिंपळाचा आश्रय घेतो. आपण टाकले नाही, देवाच्या स्वाधीन केले, असे समाधान त्यात मिळत असावे. पण दोन दिवसांनी ती गाडी पिंपळापाशी येतेच, आणि जे आपल्या हाताने झाले नाही ते दुसऱ्याच्या हाताने होते.

आज विजयादशमी. साडेतीन मुहूर्तांपैकी हा एक पूर्ण मुहूर्त. आजच्या दिवशी नवी वस्तू घरात यावी, ही रीत आम्हांलाही प्रिय आहे. तरीही आजच्या मंगल दिनी आम्ही एका जुन्या वस्तूची बाजू मांडणार आहोत. माळ्यावर पडलेला पाट, खोलीच्या कोपऱ्यात कागदांच्या ढिगाखाली दबलेला चौरंग, काजळीने काळा झालेला देव्हारा यांपैकी एक तरी वस्तू प्रत्येक जुन्या घरात असते. नव्याच्या खरेदीबरोबर तिचाही विचार या मुहूर्तावर व्हावा, एवढीच आमची विनंती आहे.

'जीर्णोद्धार' हा शब्द आपण देवळांपुरता राखून ठेवला आहे. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांनी वेरूळच्या घृष्णेश्वरापासून काशीपर्यंत देवस्थाने पुन्हा उभी केली, याचा आपल्याला सार्थ अभिमान वाटतो. पण जे पुण्य देवळाच्या बाबतीत आपण मानतो, ते घरातल्या देवाच्या घराला का लागू नसावे? देव्हारा म्हणजे घरातले देऊळच. त्याचे छत गळत नसेल, पण त्याची खुंटी सैल होते, फळीला चीर जाते, रंगाचे पोपडे निघतात. गावच्या देवळासाठी आपण वर्गणी देतो, आणि घरातल्या देवळाला मात्र पिंपळाखाली नेऊन ठेवतो. या विसंगतीचा विचार आपण कधी केला आहे काय?

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. भग्न वस्तू पूजेत ठेवू नये, असे शास्त्र सांगते. मग मोडका देव्हारा ठेवायचा कसा? आमच्या समजुतीप्रमाणे हा नियम मूर्तीचा आहे. देव्हारा, पाट, चौरंग ही देवाची आसने आणि निवासस्थाने आहेत, आणि निवासस्थानाची डागडुजी करण्यास कोणी कधी हरकत घेतल्याचे आम्ही ऐकलेले नाही. गावोगावच्या पालख्यांचे दांडे बदलतात, रथांची चाके दुरुस्त होतात, सभामंडपाचे खांब नवे बसतात. लाकूड जीर्ण होणारच, हे आपल्या परंपरेने कधी नाकारलेले नाही. पुरीच्या जगन्नाथाच्या मूर्ती काष्ठाच्या आहेत. दरवर्षी स्नानपौर्णिमेनंतर दर्शन बंद असते, त्या दिवसांत त्यांचे रंग पुन्हा भरले जातात, आणि ठराविक वर्षांनी नवकलेवर होऊन मूर्तीही नव्या घडतात. अलीकडचे नवकलेवर २०१५ साली झाले. जेथे खुद्द मूर्तीच्या लाकडाची इतकी काळजी वाहिली जाते, तेथे आपण आपल्या देव्हाऱ्याची एक खुंटी बसवून घेण्यास काय हरकत आहे?

मात्र येथवर आमच्याशी सहमत होणारे वाचक पुढचे पाऊल टाकताना एक चूक करतात. ती चूक आम्हीही केली आहे, म्हणून ती सांगण्याचा अधिकार आम्ही घेतो.

आमच्या कोकणातल्या घरी फणसाच्या लाकडाचे दोन पाट होते. ते आजीच्या लग्नातले. त्यांच्या कडेने लाखेच्या रंगात वेलबुट्टी काढलेली होती. वर्षानुवर्षे बसून, पुसून आणि धुऊन मधला भाग झिजला होता, पण कडेची तांबडी फुले आणि हिरवी पाने ओळखू येत होती. १९८० च्या सुमारास घरात लग्न निघाले. मांडवात जुनेपाने काही दिसू नये, म्हणून आम्ही उत्साहाने तैलरंगाचा डबा आणला आणि दोन्ही पाट लालभडक करून टाकले. पाहुण्यांनी वाखाणले. आजी मात्र काही बोलली नाही. तिने दोन्ही पाट उलटे करून पाहिले आणि खालच्या बाजूलाही रंग लागलेला पाहून ते भिंतीशी उभे करून ठेवले.

पुढे वीसेक वर्षांनी तो तैलरंग फुगला, तडकला, आणि आम्हांला जुने पाट पुन्हा पाहण्याची इच्छा झाली. तोवर आजी राहिली नव्हती. आम्ही जाड काचकागद घेऊन एका दुपारी दोन्ही पाट खरवडून काढले. लाल रंग गेला. खालच्या बाजूला सुताराने पटाशीने कोरलेल्या खुणा उघड्या झाल्या. एकावर एक रेघ होती आणि दुसऱ्यावर दोन. वराचा पाट कोणता आणि वधूचा कोणता, हे मांडवाच्या गर्दीत कळावे म्हणून त्या केलेल्या असाव्यात. त्या दिवशी आजीने पाट उलटे करून काय शोधले होते, ते आम्हांला तेव्हा उमगले. पण वरच्या बाजूची वेलबुट्टी मात्र कोठेच नव्हती. ती आमच्या तैलरंगाखाली वीस वर्षे सुखरूप असणार. आम्ही तिला झाकले होते, पुसले नव्हते. पुसली गेली ती त्या दुपारी, आमच्याच हातातल्या काचकागदाने. जे कोरलेले होते ते आमच्या घाईतून वाचले. जे रंगवलेले होते ते वाचले नाही.

तेव्हापासून आमचे मत असे झाले आहे की, जुन्या वस्तूला दोन गोष्टींपासून धोका असतो. एक आपली उपेक्षा आणि दुसरी आपली हौस. उपेक्षा वस्तू मोडते, हौस तिची ओळख मोडते. जीर्णोद्धार म्हणजे नवेपण चढवणे, असे समजून जो डबा उघडतो, तो बहुधा आमच्यासारखाच पस्तावतो. जे गेले आहे तेवढेच भरावे आणि जे शिल्लक आहे त्याला हात लावू नये, हा या कामाचा पहिला नियम आम्ही मानतो.

मोठ्या देवस्थानांनाही हा धडा गिरवावा लागला आहे. २०२४ साली पंढरपूरच्या श्रीविठ्ठलमंदिरात जतनाचे मोठे काम झाले, हे वाचकांना स्मरत असेल. त्यासाठी मार्चच्या मध्यापासून जूनच्या आरंभापर्यंत पदस्पर्शदर्शन बंद ठेवून भाविकांना मुखदर्शनावर समाधान मानावे लागले. त्या कामात गाभाऱ्यात नंतरच्या काळात बसवलेल्या फरश्या काढण्यात आल्या आणि मूळचा पाषाण पुन्हा दिसू लागला. ज्यांनी त्या फरश्या बसवल्या होत्या त्यांच्या भक्तीविषयी कोणी शंका घेणार नाही. देवाचे घर स्वच्छ आणि देखणे असावे, याच भावनेने त्या बसल्या. पण मूळ पाषाण पाहून वारकऱ्याला जे वाटले, ते चकचकीत फरशीकडे पाहून त्याला कधी वाटले असेल काय? आमच्या देव्हाऱ्यावरचा तैलरंगाचा थर आणि गाभाऱ्यातली ती फरशी ही एकाच वृत्तीची लहानमोठी रूपे आहेत.

आता कामाविषयी थोडे. पंचांगाने आणि ऋतूने मिळून या कामाला दिलेली वेळ आजपासूनच सुरू होते. नवरात्रात देव बसलेले असतात, ते हलवीत नाहीत. म्हणून त्या नऊ दिवसांत देव्हाऱ्याला हत्यार लावणे योग्य नव्हे. आज घट हलले. आजपासून लक्ष्मीपूजनाला सुमारे वीस दिवस आहेत आणि भाऊबिजेला बावीस. पावसाळ्यातल्या दमट हवेत लाखेच्या पॉलिशवर पांढुरकी छटा येते. आश्विनातल्या कोरड्या उन्हात ती भीती राहत नाही. आपल्या कुलाचाराप्रमाणे, उपाध्यायांना विचारून, देवांची प्रार्थना करावी आणि तेवढ्या दिवसांसाठी त्यांना स्वच्छ चौरंगावर वस्त्र अंथरून बसवावे. मग देव्हारा मोकळ्या हवेत आणावा.

पहिले काम धुण्यापुसण्याचे. वर्षानुवर्षांची काजळी, तेल आणि उदबत्तीचा धूर यांचा जो चिकट थर बसतो, त्यालाच पुष्कळ लोक लाकडाचा रंग समजतात. रिठ्याच्या कोमट पाण्यात फडके भिजवून, घट्ट पिळून, हलक्या हाताने पुसावे आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे. लाकूड पाण्यात भिजवू नये. पुष्कळ घरांत येथेच काम संपते, कारण खालचे लाकूड आणि रंग चांगले असतात. दोष काजळीचा असतो.

दुसरे काम परीक्षेचे. न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा क्षणभर टेकवावा. पृष्ठभाग चिकट होऊन बोळ्याला तांबूस रंग लागला, तर वर लाखेचे जुने पॉलिश आहे असे समजावे. तसे असल्यास ते खरवडण्याचे कारणच नाही. त्याच्यावरच लाखेचा नवा हात बसतो आणि जुन्यात मिसळून जातो. काही झाले नाही, तर वर बहुधा तैलरंग आहे. तो काढायचा असेल तर आधी एका बोटाएवढ्या जागेत, सावकाश काढून पाहावा. खाली दुसरा रंग किंवा नक्षी दिसू लागली तर हात थांबवावा आणि जाणत्याला बोलवावे. आम्ही जर त्या दुपारी बोटभर जागेवर थांबलो असतो, तर आजीची वेलबुट्टी आज आमच्या नातवंडांना दिसली असती.

येथे एक धोक्याची सूचनाही द्यावीशी वाटते. जुन्या तैलरंगांत पुष्कळदा शिसे असे. घरगुती रंगांतले शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक असू नये, असा केंद्र सरकारचा नियम २०१६ चा आहे. त्यापूर्वीच्या रंगांची खात्री देता येत नाही. म्हणून जुना तैलरंग कोरडा घासून त्याची धूळ घरात उडवू नये. लहान मुले आणि गर्भवती स्त्रिया यांना त्या जागेपासून दूर ठेवावे. नाकातोंडावर साधे फडके बांधून भागत नाही. पृष्ठभाग ओला करून घासावा आणि निघालेले पोपडे कागदात गुंडाळून बाजूला करावेत. खात्री नसेल तर तो रंग तसाच राहू द्यावा हे बरे.

तिसरे काम सांध्यांचे. आपल्या जुन्या सुतारांनी देव्हारे कुसाच्या सांध्यांवर आणि लाकडी खुंट्यांवर उभे केले. अशा सांध्यात लोखंडी खिळा ठोकणे म्हणजे वृद्धाच्या गुडघ्यावर हातोडा मारणे होय. खिळा गंजतो, लाकूड चिरते आणि पुढच्या दुरुस्तीची वाट बंद होते. सैल सांधा उकलून, जुना सरस खरवडून, पुन्हा चिकटवावा आणि दोरीने आवळून रात्रभर ठेवावा. सरस जनावरांच्या कातड्या-हाडांपासून होतो, म्हणून देव्हाऱ्यासाठी तो नको असे ज्यांना वाटते, त्यांना लाकडासाठी मिळणारा कृत्रिम गोंद वापरता येईल. त्यात एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सरस उष्णतेने आणि ओलाव्याने पुन्हा सुटतो, म्हणून त्याचा सांधा पुढच्या पिढीला उकलता येतो. कृत्रिम गोंदाचा सहसा येत नाही.

शेवटचे काम पॉलिशचे. पळस, बोर, कुसुम या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांपासून लाख मिळते. बाजारात तिच्या पातळ कपच्या मिळतात. लिटरभर स्पिरिटला सुमारे दोनशे ग्रॅम कपच्या घालून रात्रभर ठेवाव्यात, सकाळी गाळून घ्याव्यात, आणि मऊ फडक्यात कापसाची पुरचुंडी बांधून लाकडाच्या रेषेच्या दिशेने पातळ हात द्यावेत. एक हात वाळल्यावर दुसरा द्यावा. एका जाड थरापेक्षा सहा पातळ हात चांगले. पांडवांसाठी रचलेल्या लाक्षागृहाची कथा आपल्याला ठाऊक आहे. लाख पेटते आणि ओल्या पॉलिशमधले स्पिरिट तर क्षणात पेट घेते. म्हणून काम चालू असताना आणि ते पुरते वाळेपर्यंत जवळपास निरांजन, उदबत्ती किंवा शेगडी असू नये. जवसाचे तेल वापरले असेल, तर तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेटू शकतात. मोकळी पसरून वाळवावीत. लाखेच्या पॉलिशवर पाणी साचले तर पांढरा डाग पडतो, म्हणून अभिषेक ताम्हनातच करावा. ही काळजी आपल्या आज्या घेतच होत्या.

रंगकाम केलेल्या वस्तूंची गोष्ट निराळी. ते काम जाणत्याचे आहे. सावंतवाडीच्या चितारी कारागिरांनी पाट, चौरंग, देव्हारे आणि दशावतारी गंजिफा यांवर पिढ्यान्‌पिढ्या रंग भरले. काळाच्या ओघात ही कला अस्ताला जाऊ लागली, तेव्हा १९७० च्या दशकात श्रीमंत शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून तिला पुन्हा उभे केले. गंजिफेचा एकशे वीस पानांचा दशावतारी जोड तेथे आजही हाताने रंगवला जातो. ज्यांच्या घरी असा रंगवलेला पाट असेल, त्यांनी तो तैलरंगाच्या डब्यापुढे ठेवण्यापूर्वी त्या हातांची एकदा आठवण करावी. शक्य असेल तर तो अशाच हातांकडे सोपवावा.

आणखी एका वृत्तीविषयी बोलणे भाग आहे. अलीकडे जुन्याला किंमत आली आहे, ही आनंदाची गोष्ट. पण ती पुष्कळदा दिवाणखान्यातली किंमत असते. नवे कपाट घेऊन त्यावर मुद्दाम रंग लावायचा, मग तो जागोजागी घासून ते जुने भासवायचे, अशी सजावटीची तऱ्हा निघाली आहे. ज्या घरात हे कौतुकाने होते, त्याच घरातला खरोखर जुना पाट भंगारात गेलेला असतो. उलट काही ठिकाणी कोणाच्या तरी घरचा देव्हारा विकत आणून त्यात शोभेच्या बाटल्या मांडलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. ज्या फळीवर कोणा माउलीने पन्नास वर्षे हळदकुंकू वाहिले, तिचा असा उपयोग आम्हांला रुचत नाही. देव्हाऱ्यात देव नसतील तर पोथ्या असाव्यात, पुस्तके असावीत. पण त्याचे देवघरपण राहावे. पाट भिंतीवर टांगण्यासाठी नसतो. तो मांडण्यासाठी असतो. ज्याच्यावर कोणी बसत नाही तो पाट कितीही चकाकला तरी त्याचा उद्धार झाला असे आम्ही म्हणणार नाही.

खर्चाचा प्रश्न आम्ही टाळत नाही. चांगल्या सुताराची मजुरी धरली तर जुन्या देव्हाऱ्याच्या दुरुस्तीला बाजारातल्या नव्या देव्हाऱ्याहून अधिक पैसे पडू शकतात. पण भुसा दाबून केलेल्या फळीचा तो नवा देव्हारा पाण्याने एकदा फुगला की पुन्हा पूर्ववत होत नाही, आणि त्यात एकदा सैल झालेला स्क्रू पुन्हा धरत नाही. तो दुरुस्तीसाठी घडवलेलाच नसतो. सागाचा किंवा फणसाचा देव्हारा दर पिढीला एकदा दुरुस्त होऊन पुढच्या पिढीकडे जातो. जागेचा प्रश्नही खरा आहे. दोन खोल्यांच्या घरात सर्व जुने सांभाळणे शक्य नाही, आणि तसा आग्रहही नाही. एकच वस्तू निवडावी. जी आपल्याला नको असेल ती पिंपळाखाली ठेवण्यापूर्वी भावंडांना, आतेमामे भावंडांना विचारावे. एकाच्या घरी अडगळ झालेली वस्तू दुसऱ्याच्या घरी आठवण असते.

काल खंडेनवमीला सुतारांनी रंधा, करवत आणि पटाशी मांडून त्यांची पूजा केली. आज ती हत्यारे पुन्हा हातात घेतली जातील. अशा एखाद्या सुताराला आजच्या मुहूर्तावर घरी बोलवावे, त्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी, आणि तो काम करीत असताना घरातल्या मुलांना त्याच्याजवळ बसवावे. कूस कशी बसते, खुंटी कशी ठोकतात, लाकडाची रेषा कोणत्या दिशेला जाते, हे त्यांनी पाहावे. पुढच्या दुरुस्तीची वेळ येईल तेव्हा आपण नसू. ती मुले असतील.

आमचे ते दोन पाट आता लाखेच्या साध्या पॉलिशमध्ये आहेत. वेलबुट्टी नव्याने काढून घेण्याचा मोह आम्ही आवरला, कारण ती आजीची झाली नसती. भाऊबिजेला एक रेघेचा पाट भावासाठी मांडतात आणि दोन रेघांचा बहिणीसाठी. मांडण्यापूर्वी घरातले लहान मूल पाट उलटा करून रेघा मोजते आणि कोणता कोणाचा ते मोठ्याने सांगते. आमच्या हौसेतून वाचले ते एवढेच. आपल्या घरी याहून अधिक वाचावे, अशी विजयादशमीच्या दिवशी आमची सदिच्छा आहे.